पूर्वीच्या जातीचं भोक

"हात दाखव," आम्हाला कार्डांचं यंत्र शिकवणारे जोसेफसर म्हणाले.

मी दाखवले. दोन्ही. शाळेत छडी खाताना धरतात तसे.

"उलटे कर."

केले. सरांनी माझ्या हाताला हात लावला नाही. टेबलावरची फूटपट्टी उचलली आणि तिच्या टोकानं माझी बोटं वेगळी वेगळी करून बघितली. अमरावतीहून शिकायला आलेल्या दोघी शेजारीच खुर्च्यांवर बसल्या होत्या. त्यातली एक यंत्रासमोर बसून शेंगा खात होती. तिच्या बोटांना तांबडी फोलं चिकटली होती. तिला सर काही बोलले नाहीत.

"घाम आहे," सर म्हणाले. "तुमच्या लोकांच्या हातांना घाम फार. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. त्यानं कार्ड फुगतं, यंत्रात अडकतं."

मग त्यांनी खणातून एक रबरी मोजा काढला. मिशनच्या दवाखान्यातला. ऑपरेशनचे मोजे तिथे उकळायचे, दोरीवर वाळत घालायचे, पावडर लावून पुन्हा वापरायचे. फाटायला आले की टाकून द्यायचे. हा टाकलेल्यातला होता. अंगठ्यापाशी चीर गेलेली.

"हा घालून बसायचं. रोज. हात लावायच्या आधी."

उन्हाळा होता. दुष्काळातला उन्हाळा. वैशाखात वऱ्हाडात ज्याला घाम येत नाही तो माणूस मेलेला असतो. सरांच्या स्वतःच्या सदऱ्याची पाठ ओली चिप्प होती. ते मला दिसत होतं. त्या दोघी हसल्या, आणि मी मोजा घातला. त्याला फिनेलचा वास येत होता. आत माझा हात उकडून निघाला. बाहेर कार्ड कोरडं राहिलं.

हे कशासाठी सहन केलं ते सांगते. मुंबईसाठी.

मंगरूळपीरच्या बाहेर आमच्या मिशनचं कंपाउंड होतं. चर्च, दवाखाना, मुलींचं बोर्डिंग. मी तिथेच मॅट्रिक झाले. माझा बा त्या चर्चची घंटा वाजवायचा, सतरंज्या झटकायचा, दवाखान्याच्या साहेबांच्या आवारातल्या झाडांना पाणी घालायचा. आजाला कुठल्याशा जुन्या दुष्काळात मिशननं उचललं, खाऊ घातलं, बाप्तिस्मा दिला. आजाची बाकी भावकी किन्हीराजाला राहिली. छप्पन साली ती नागपूरला जाऊन बौद्ध झाली. एका घराची दोन घरं झाली. जुनी जात दोन्हीकडच्यांनी टाकून दिली होती. आम्हाला तरी तसं वाटत होतं.

त्या उन्हाळ्यात परदेशातून मोठे साहेब आले. त्यांनी जीपमधून लाकडी पेटी उतरवली. पेटीत काळं, लोखंडी यंत्र. टाइपरायटरहून लहान. एका बाजूनं जाड कागदाचं कार्ड सारायचं, आकड्याचं बटण दाबायचं. खट्‌. कार्डाला बारीक चौकोनी भोक पडायचं आणि कार्ड एक घर पुढे सरकायचं. साहेब म्हणाले, या भोकांची भाषा मुंबईतल्या एका मोठ्या यंत्राला कळते. त्याचं नाव कॉम्प्युटर. गावोगावची माणसं या कार्डांवर चढवायची. मग कॉम्प्युटर सांगेल, शुभवर्तमान घेऊन आधी कुठं जायचं, कुणाच्या दारी.

कॉम्प्युटर आम्ही कुणीच पाहिला नव्हता. सरांनीही नाही. तरी सगळ्यांनी त्या पेटीवर हात ठेवून प्रार्थना केली. मीही केली. आणि साहेबांनी जाहीर केलं, की शिकणाऱ्यांपैकी एकीला मिशन मुंबईला पाठवेल. त्या खऱ्या यंत्रावर शिकायला.

बानं ते ऐकलं आणि त्या दिवशी घंटा एवढी वाजवली की दवाखान्यातली नर्स बाहेर येऊन ओरडली. "माही पोरगी बंबईले जाईन," असं तो तेलीबुवापासून शिंप्यापर्यंत सगळ्यांना सांगत सुटला. त्याच्यासाठी मी मोजा घालत होते. माझ्यासाठीही. खोटं कशाला बोलू? मला जायचंच होतं.

कार्डांसाठी माहिती आणायला आम्हाला गावोगाव नेत. प्रश्न सरांनी ठरवलेले. पाणी कुठून आणता? घरात दोन वेळ शिजतं का? यंदा कोण मेलं? आजारी कोण? आणि जात. कार्डावर प्रत्येक प्रश्नाचा एक उभा रकाना, प्रत्येक उत्तराचा एक आकडा. भूक एका आकड्यात. मरण एका आकड्यात. घरात नवीन मरण असेल तर सर म्हणायचे, "हे मऊ घर. इथे आधी जायचं." मऊ घर. म्हणजे दुःखानं खचलेलं, ऐकून घ्यायला तयार.

किन्हीराजाला दुष्काळी कामावर माझी आत्या खडी फोडत होती. बाची सख्खी चुलत बहीण. डोक्यावर पदर, डोळ्यांत धूळ, बोटांना चिंध्या बांधलेल्या. मी कागद घेऊन उकिडवी बसले. तिनं हातोडा खाली ठेवला नाही. फोडता फोडता बोलत राहिली.

"पाणी? टँकर आला तं पाणी. नाई आला तं नाई. अन् कोन मेलं म्हनून काय इचारतं व? तुह्या वहिनीचं पोट्टं गेलं नं. तुले मालूम नाई काय?"

वहिनी म्हणजे तिची सून. नातं मला लागतं म्हणून तुझी म्हणाली. मी मान खाली घालून लिहिलं.

"जात?" मी विचारलं.

हातोडा थांबला.

"काहून?"

"लिहावी लागते आत्या."

"छप्पनमंदी टाकून आलो आमी ते. पायी गेलतो. बौद्ध लिही." मग ती माझ्याकडे बघत राहिली. "अन् तुह्या बापाच्या कागदावर काय लिहिलं माय?"

"ख्रिस्ती. आमच्यात जातीचं घर रिकामंच असतं आत्या."

"बरं हाये बाप्पा," ती म्हणाली आणि पुन्हा फोडू लागली. "नीट पाह्य मातर. रिकामं घर लोक भरून टाकतेत."

मी बौद्ध लिहिलं. संध्याकाळी सरांनी त्यावर रेघ मारली. "या यादीत बौद्ध नाही. मूळ लिही," म्हणाले, आणि स्वतःच्या हातानं आमची जुनी जात लिहिली. आत्याचं कार्ड अमरावतीच्या मुलीनं केलं. खट्‌. झालं. मी बघत बसले. माझा मोजा घातलेला हात मांडीवर पडून होता.

पुढच्या आठवड्यात सरांनी माझ्यापुढे एक गठ्ठा ठेवला. "ही आपल्या चर्चच्या मंडळीची कार्डं. तू कर. शेवटचा रकाना नवीन आहे, तो भरायचा राहिलाय."

मी वरचं कार्ड उचललं. माझ्या बाचं होतं. सोबतच्या कागदावर सरांच्या अक्षरात नवा प्रश्न: पूर्वीची जात.

"सर, आपण ख्रिस्ती आहोत."

"म्हणूनच पूर्वीची लिहिलंय. आताची नाही."

"तुमच्या कार्डावर?"

"आहे ना. मीच भोक पाडलं. आम्ही मूळचे उच्च कुळातले. मला त्याची लाज नाही."

"तुम्हाला कशी असेल?" मी म्हणाले. एवढं मी पहिल्यांदाच बोलले.

सर हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं. माणूस आपल्या जातीतल्या माणसाचं ऐकतो. म्हणून ज्या जातीचं गाव, त्या जातीचा प्रचारक. चर्चमध्येही प्रार्थना वेगवेगळ्या ठेवायच्या. वरच्या जातीची माणसं बिचकतात, बाहेरच राहतात. ती आत यायला हवीत. "तुमच्या लोकांसाठी कडुनिंबाखाली प्रार्थना ठेवू. छान सावली आहे."

मी दवाखान्याच्या साहेबांकडे गेले. साहेब मनानं वाईट नव्हते, हेही सांगते. दवाखान्यात रात्रंदिवस राबायचे. त्यांचं मराठी बायबलातलं होतं. "मुली, भिंत आम्ही बांधिली नाही," ते म्हणाले. "ती येथे होतीच. आम्ही केवळ ती कोठे आहे हे पाहत आहोत." मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून मला आशीर्वाद दिला. भिंत आहे तिथे राहिली.

घरी आले तर बा दारात वाट बघत होता. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माये, एक भोक तं हाये. पाडून टाक. बंबई पाहून ये. आपलं काय जाते?"

"बा, तुले कडुनिंबाखाली बसवतीन."

"बसीन." त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. "तू तं खुर्चीवर बसशीन."

त्या शब्दानं मी तुटले. रडले, चुलीपुढे बसून. माझा बा माझ्या खुर्चीसाठी मातीत बसायला तयार होता. आणि त्याला मातीत बसवणारं भोक पाडायला त्यांनी मलाच निवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी यंत्रासमोर बसले. हातात मोजा. सर आले. त्यांना माझ्या मनातलं कळलं असावं. त्यांनी साहेबांच्या बाईची स्वेटर विणायची लांब सुई आणली. कार्डं तपासायची ती रीत होती. गठ्ठ्यातल्या सगळ्या कार्डांना एकाच जागी भोक असेल तर सुई आरपार जाते. एखादं वेगळं असेल तर अडते. सरांनी किन्हीराजाच्या वस्तीचा गठ्ठा घेतला. आत्याचं कार्ड त्यातच होतं. जातीच्या रकान्यात सुई घातली. ती सरळ आरपार गेली.

"बघ," सर म्हणाले. "नागपूरला जाऊन आले, नाव बदललं. सुई अडली का? कुणासाठीच अडत नाही. पाड भोक."

अमरावतीच्या दोघी बघत होत्या. शेंगावाली आज खात नव्हती. मी बाचं कार्ड यंत्रात सारलं. बटणावर बोट ठेवलं. रबरातून ते लोखंड मला कळेना. माझ्या बाची जात मी दाबणार आणि मला त्याचा स्पर्शसुद्धा होणार नाही. मी कार्ड परत ओढून काढलं.

मग मोजा काढला. ओढावा लागला, घामानं चिकटला होता. तो सरांच्या पुढ्यात टाकला. उघड्या हातानं बाचं कार्ड उचललं. पुरं धरलं, पाचही बोटांनी. कार्ड ओलं झालं. होऊ दिलं.

"मी पाडणार नाही."

"मग मुंबई विसर."

"विसरले."

"बापाची नोकरी चर्चमध्ये आहे, हेही विसरलीस का?"

ते नव्हते विसरले. खरंच सांगते, त्या वेळी मला शूर वगैरे काही वाटलं नाही. फार भीती वाटली. तरी म्हणाले, "नाही पाडणार." आणि बाहेर आले.

मुंबईला अमरावतीची शेंगावाली गेली. जायच्या आधी तिनं आमच्या मंडळीचा सगळा गठ्ठा पुरा केला. पेटी जीपमध्ये चढली, रेल्वेनं पुढं गेली. बाची नोकरी त्यांनी काढली नाही. त्यांना घंटा वाजवणारा हवाच होता. रविवारी बानं घंटा वाजवली. माणसं आत गेली. सरांनी त्याला कडुनिंबाकडे हात दाखवला. बा कडुनिंबाखाली गेला नाही. आतही गेला नाही. पायरीवर बसून राहिला.

"तुवा नाई पाडलं माये," तो मला म्हणाला. "पन ते पडलंच."

पडलंच. हे मी कधीच नाकारणार नाही. माझ्या एका नाहीनं काही अडलं नाही. ती कार्डं कुठेतरी आहेत. माझ्या बाच्या आणि आत्याच्या अंगातून कुणीही, कधीही सुई घालू शकतो. हे कळलं तेव्हा रात्रीची झोप गेली. आपले हात स्वच्छ राहिले, एवढ्यावर मी समाधान मानणार नव्हते. आत्याचं कार्ड झालं तेव्हाही माझा हात मोज्यात स्वच्छच होता.

मी बोचकं बांधलं आणि किन्हीराजाला आत्याकडे गेले. खडी फोडली. दुपारच्या सुट्टीत बायांमध्ये बसून सांगितलं, ते प्रश्न कशाला होते, मऊ घर म्हणजे काय, सुई कशी घालतात. आधी कुणी विश्वास ठेवला नाही. मग ज्यांच्या घरी मरण झालं होतं त्यांच्याच दारी आधी प्रचारक आले, दुधाची पावडर घेऊन, आणि बायांनी एकमेकींकडे बघितलं.

पावसाळ्याच्या तोंडावर जीप पुन्हा आली. नवे कागद, नवे प्रश्न. सर उतरले. वस्तीच्या वाटेवर मी उभी होते. माझ्या मागे आत्या, तिच्या मागे बाकीच्या. हात खडीनं फाटलेले, घामेजलेले.

"जात कुणी सांगनार नाई," मी म्हणाले. "मरनही नाई. भूक पाह्यची असंन तं पाहा, डोये हायेत तुमाले. लिहून न्याची नाई."

सर मला ओळखत नसल्यासारखे बोलले. "बाजूला हो."

मी झाले नाही. नंतर किती कागद आले, किती साहेब आले. देवाचे आले, सरकारचे आले. त्या रकान्याच्या आणि माझ्या माणसांच्या मधे मी उभी आहे. कुणाच्याही सांगण्यावरून मी बाजूला होणार नाही.