तेलाची वही

चौथा थांबा मागे पडला तरी मास्तरीण गाडीत बसायचं नाव घेईना. दवाखान्यापासून आमच्या शिवणकारखान्यापर्यंत नऊ थांबे. दोन बस भरून गेल्या. तिसरी रिकामी आली, तर हिने चालकाला हातानेच ‘जा बाबा’ म्हणून सांगितलं.

“अगं, पाय दुखतील,” मी म्हटलं.

“दुखू देत. पायाचं दुखणं चारचौघांत सांगता तरी येतं.”

आज तिथे कारखाना नाही, गोदाम आहे. पण नव्या कापडाची घडी उलगडली की मला ती आठवते. कानावर खडू, बोटं पांढरी, कमरेएवढ्या उंच टेबलाशी सकाळपासून उभी. शाळांचे शर्ट बेतायचे आणि कापायचे ही तिची कामं, म्हणून आम्ही तिला मास्तरीण म्हणायचो. तिच्या शेजारीच माझं काज-बटणांचं मशीन. चौदा वर्षं आम्ही एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं.

तिची एकच गोष्ट आम्हांला समजायची नाही. महिन्यातून काही दिवस ती कात्री हाताखालच्या मुलीकडे द्यायची, बुटकं स्टूल ओढायची आणि तेलाची बुधली घेऊन एकेक मशीन धरायची. मालकाचा नियम असा, की जो तेल घालील त्याने खिळ्याला टांगलेल्या वहीत तारीख लिहून सही करायची. वहीभर हिच्याच सह्या. मालक तर सगळ्यांसमोर म्हणाले होते, “मशीनची माया शिका हिच्याकडून!”

हातशिलाई करणाऱ्या आजी तिला चिडवायच्या. “सासूची एवढी सेवा केली असतीस ना, तर तिने डोक्यावर घेऊन नाचवलं असतं तुला.”

“आजी, मशीन कुरकुरलं तर तेल घातल्यावर गप्प बसतं. सासूबाईंना कुठे घालू?”

सगळा कारखाना हसायचा. तीही हसायची, एक हात पोटाशी धरून.

मग एकदा दोनशे पांढरे शर्ट शाळेकडून परत आले. प्रत्येकावर पिवळे ठिपके. मालक मशीन दुरुस्त करणाऱ्यावर तुटून पडले. तो बिचारा म्हणाला, “मशीन गळत नाहीत, साहेब. तेलात बुडाल्यात!”

मास्तरीण तडक पुढे झाली. “चूक माझी आहे, त्यांना बोलू नका.” का, ते मात्र सांगितलं नाही. दुपारी मला तिने कापडाच्या गठ्ठ्यांमागे नेलं. पाळीच्या दिवसांत उभंच राहवत नाही, म्हणाली. कळ आली की डोळ्यांपुढे अंधार येतो. नुसतं बसलं तर कामचुकार म्हणतील, म्हणून बसून करायचं काम शोधलं. पूर्वी दोन दिवस होते, आता आठ-आठ दिवस जातात.

“आणि एवढी वर्षं गप्प बसलीस?”

“आई म्हणायची, बाईला दुखायचंच. मला वाटलं, मीच हळवी.”

मी तिला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधीपासून, महिन्याचे किती दिवस? पाव इंचाची चूक न करणारी ही बाई, तिला सांगता येईना. पुढच्या खेपेला मी खिळ्यावरची वही काढून बगलेत मारून नेली. डॉक्टरीणबाईंनी आधी आमच्याकडे बघितलं, मग वहीकडे. ‘मशीन नंबर सहा, तेल घातले.’ पण पेन्सिल घेऊन सह्या मोजत गेल्या तशा गंभीर झाल्या. नऊ वर्षांचं दुखणं तारीखवार समोर होतं.

सोनोग्राफी झाली. अ‍ॅडिनोमायोसिस. गर्भाशयाचं आतलं अस्तर त्याच्याच स्नायूच्या भिंतीत शिरतं, भिंत सुजून जाड होते.

“म्हणजे अस्तर वरच्या कापडात घुसलंय,” मास्तरीण म्हणाली. “उसवून नाही का काढता येणार?”

“तेच तर अवघड आहे. दोन्ही एकजीव झालंय.”

मग बाईंनी एकेक सांगितलं. दुखण्याच्या गोळ्या घेतच होती, त्या पुरत नव्हत्या. हार्मोनच्या गोळ्या होत्या. तांबीसारखं एक साधन होतं, ते आत बसवलं की थोडं थोडं हार्मोन सोडत राहतं, पाचेक वर्षं चालतं, बऱ्याच जणींचं दुखणं आणि अंगावरून जाणं कमी होतं. आणि शेवटी पिशवी काढणं, तो कायमचा उपाय. मूल हवं असेल तर तसं आधी सांगा, म्हणाल्या. आशा कमी आहे, पण नाहीच असं मी म्हणणार नाही.

ते ठरवायलाच ती चालत होती. वय एकेचाळीस. दोनदा दिवस गेले होते, दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. सासूबाई म्हणत होत्या, इतक्यात काही करू नकोस. नवरा भला माणूस, तो म्हणाला, दुखतं तुला, तूच ठरव. त्यामुळे भांडायलाही कुणी नव्हतं.

सहाव्या थांब्याच्या बाकावर ती एकदाची टेकली. मी पाण्याची बाटली पुढे केली.

“साधन बसवून घेते,” ती म्हणाली. “पिशवी काढायला एवढ्यात मन होत नाही. नाही मानवलं, तर ते आहेच पुढे.”

“पण ते साधन असेपर्यंत मूल...”

“पाच वर्षं. तेव्हा मी सेहेचाळीस. मला कळत नाही का गं?”

 ती पाणी प्यायली, तिने बाटलीचं झाकण घट्ट लावलं, पुन्हा उघडलं.

“तू रोज मशीन चालू करण्याआधी डोळे मिटून देवाचं नाव घेतेस. सगळ्यात शेवटी ओठांवर माझं नाव असतं. शेजारीच उभी असते ना मी. माझ्यासाठी मूल मागतेस?”

देवाचं नाव निघाल्यावर खोटं कसं बोलू? “तुझं दुसऱ्यांदा गेलं तेव्हापासून,” मी म्हटलं. “एक दिवस चुकवला नाही.”

तिने माझा हात हातात घेतला. खडूने खरखरीत झालेली तिची बोटं होती.

“मग उद्यापासून ते मागू नकोस. तू मागतेस तोवर माझ्याने आशा सोडवत नाही. मागायचंच असेल, तर महिन्याचे सगळे दिवस मला त्या टेबलाशी उभं राहता येऊ दे, एवढंच माग. मागशील?”