सासऱ्यांच्या नावाचा पासवर्ड

कोचकोर गावात बेगायम लग्न होऊन आली आणि पहिल्याच आठवड्यात तिला 'लोखंड' हा शब्द सोडावा लागला. सासऱ्यांचं नाव तेमिरबेक, आणि तेमिर म्हणजे लोखंड. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, नावातला तुकडासुद्धा जिभेवर आणायचा नाही. मग अंगणाचं लोखंडी फाटक तिच्या तोंडी "कडक दार" झालं. "कडक दार लावलं का गं?" असं तिनं विचारलं की नणंदा तोंडात पदर कोंबून हसायच्या. पुढे नणंदा सासरी गेल्या, सासरे देवाघरी गेले, नवरा मकसात बांधकामाच्या कामावर परदेशी, काझान शहराला गेला. रीत मात्र कुठं गेली नाही. घरात राहिल्या बेगायम, सासूबाई आणि दोन लहान मुली.

घराच्या मागच्या अंगाला पाहुण्यांसाठी तीन खोल्या होत्या. सोंग-कोल सरोवराकडे जाणारे परदेशी लोक एक रात्र उतरायचे, जेवायचे, सकाळी पुढं जायचे. त्यांचे निरोप ई-मेलवर येत. ते ई-मेलचं खातं मकसातनं उघडून दिलेलं. पासवर्ड म्हणून त्यानं बापाचं नाव घातलं, आठवण राहावी म्हणून. आपल्या बायकोला ते लिहिणं जड जाईल, हे त्या बिचाऱ्याच्या डोक्यातही आलं नाही.

"एकदा आत शिरलं की पुन्हा विचारत नाही," जाताना तो म्हणाला होता. आणि दोन उन्हाळे ई-मेलनं खरंच काही विचारलं नव्हतं.

त्या गुरुवारी सकाळी चहा ओतताना बेगायमनं ई-मेल पाहिली. सहा जर्मन पाहुणे, उद्या दुपारी पोचणार. वाटाड्यानं लिहिलं होतं, आज दुपारपर्यंत लेखी होकार कळवा, नाहीतर दुसरं घर बघतो. फोन नंबर काही दिलेला नव्हता. या उन्हाळ्यातली ही पहिलीच मोठी मंडळी. मकसात म्हणाला होता, यंदा घर भरलं तर शरदात घरी आल्यावर परत काझानला जाणार नाही. तेव्हा हा होकार काही नुसता सहा माणसांचा नव्हता.

तिनं मनाशी म्हटलं, आधी घर आवरते, मग निवांत लिहिते. दर गुरुवारी घरातल्या गेलेल्या माणसांचे आत्मे घरी डोकावतात, त्यांना घर झाडलेलं दिसायला हवं. तिनं ओसरी झाडली, गालिचे उन्हात टाकले, पाठ धरली तरी खिडक्या पुसल्या. मग टेकली तर फोनवर झाडूचं चित्र नाचत होतं: बराच कचरा साठलाय, साफ करू का? गुरुवारच आहे, फोन तरी का घाण ठेवा? तिनं सगळ्या खुणांवर बोट ठेवलं आणि सगळं झाडून टाकलं.

नंतर होकार लिहायला ई-मेल उघडली, तर समोर कोरी चौकट. पासवर्ड लिहा.

बेगायमचं बोट तिथंच थांबलं.

"विसरलात का?" असंही खाली विचारलं होतं. तिनं ते दाबलं. संकेतांक मकसातच्या जुन्या नंबरावर पाठवला, असं उत्तर आलं. तो नंबर काझानला गेल्यावर कधीच बंद पडला होता. तिनं मकसातला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. कामावर असताना तो फोन कोटाच्या खिशात ठेवतो, हे तिला ठाऊक होतं, तरी लावत राहिली.

सासूबाई बाजेवर लोकर पिंजत होत्या. "काय झालं पोरी? तोंड का उतरलं?"

"एने, पाहुण्यांचं दार बंद झालं," ती सासूबाईंना म्हणाली. "आणि किल्ली म्हणजे... मामंजींचं नाव आहे."

सासूबाईंचा हात थांबला. "बाई गं! हा मकसातचा शहाणपणा. अगं, मीही तोंडातून कधी काढलं नाही ते. जन्मभर 'पोरांचा बाप' म्हणत आले."

सासूबाईंना हसू आलं, बेगायमला रडू यायचं बाकी होतं. ऊन ओसरीवरून सरकत चाललं होतं.

दुपार कलायला लागली तेव्हा मकसातचा फोन आला. आवाजात सिमेंटची धूळ बसल्यासारखी वाटली.

"इतके फोन? मुली बऱ्या आहेत ना?"

"मुली बऱ्या आहेत. ई-मेल बाहेर काढतेय मला. तुम्ही म्हणाला होतात, विचारत नाही म्हणून."

"काय केलंस तू?"

"झाडलं."

"काय झाडलं?"

"फोन. गुरुवार होता."

तो हसला नाही, नुसता उसासा टाकला. "अगं, दवाखान्यात जाताना कोट काढून देतो की नाही खिडकीपाशी? बाई पत्र्याचा बिल्ला देते, तो दाखवला की कोट परत. तसा बिल्ला ई-मेलवाल्यांनी तुझ्या फोनला दिला होता. बिल्ला दाखवला की नाव विचारत नाहीत. तू झाडताना तो कचऱ्यात टाकलास."

"मग त्या बाईला माझं तोंड दिसत नाही का? दोन वर्षं येतेय मी."

"तोंड नाही दिसत तिला. बिल्लाच दिसतो. आणि तो चोराच्या हाती लागला तर कोट चोराला जाईल, म्हणून मधूनमधून ती आपणहून सगळे बिल्ले रद्द करते. फार दिवस कुणी फिरकलं नाही तरी रद्द. पासवर्ड बदलला तर बहुतेक ठिकाणी सगळेच रद्द."

"म्हणजे कायमचं आत राहताच येत नाही?"

"कायमचं कुठं कोण राहतं, बेगायम? जास्त दिवस राहता येतं. आत शिरताना 'लक्षात ठेव' अशी चौकट येते, तिथं खूण कर. झाडताना त्या बिल्ल्यांना हात लावू नकोस. दुसऱ्याच्या फोनवरून मात्र ती खूण कधी करू नकोस. आणि माझा मेलेला नंबर काढून तुझा घाल, म्हणजे संकेतांक तुझ्याकडे येईल. पण आता आधी लिही ना! माझ्या बापाचं नाव, नुसतं."

"नुसतं म्हणे!" ती तडकली. "तुम्हीच लिहा तिथून होकार. तुमच्या फोनवर आहे ना उघडलेली?"

"माझ्या फोनचा पडदा फुटलाय. बोलता येतं, लिहिता येत नाही. मुकादम बोलावतोय. लिही गं, तोंडानं थोडंच म्हणायचंय?"

फोन बंद झाला. तोंडानं नाही म्हणायचं, हे खरं. पण हातानं लिहायचं म्हणजे तरी काय, मनात आधी म्हणावंच लागतं. बेगायम उठून हौदापाशी गेली. हात, तोंड, पाय धुतले. परत येऊन सासूबाईंसमोर गुडघ्यावर बसली.

"एने, तुमची परवानगी असेल तर."

सासूबाईंनी लोकर बाजूला सारली. "त्यांच्या दारातून उपाशी कुणी गेलं नाही. पाहुण्यांसाठी नाव घेतलंस म्हणून रागावतील ते? लिही. मी फातिहा म्हणते."

म्हातारी पुटपुटत राहिली. बेगायमनं बिस्मिल्ला म्हटलं आणि एकेक अक्षर दाबलं. शेवटचं अक्षर झालं तसं पान उघडलं. 'लक्षात ठेव'वर तिनं खूण केली, आणि दम न घेता होकार पाठवला: या, घर तयार आहे.

बराच वेळ काही आलं नाही. सासूबाईंनी विचारलं, "गेले वाटतं दुसरीकडं?" तिनं मान हलवली, माहीत नाही. मग उत्तर आलं. वाटाड्यानं लिहिलं होतं, आणखी थोडा उशीर झाला असता तर दुसरं घर ठरवलंच होतं. उद्या येतो.

"आलं," बेगायम म्हणाली, आणि ओसरीच्या खांबाला टेकली. आनंद व्हायला हवा होता. झाला असेलही, पण थकव्याखाली कुठं तरी दबलेला.

"एने," जरा वेळानं ती म्हणाली, "ती किल्ली बदलू का? पुन्हा विचारणार आहे ते."

सासूबाई म्हणाल्या, "बदल. त्यांचं नाव प्रार्थनेत घ्यायचं असतं. यंत्रानं येता-जाता विचारावं, असं ते नाव नाही."

तिनं किल्ली बदलली, आपला नंबर घातला. अंधार पडायच्या आत मकसातचा फोन आला.

"अगं, पाहुण्यांची ई-मेल माझ्या फोनवर पासवर्ड मागतेय आता!"

"बिल्ले रद्द झाले असतील," बेगायम म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतं."

"बरं, नवा शब्द काय? पडदा बदलला की लिहीन."

"शरदात जाणार नाही ना परत?"

पलीकडून कुणाच्या तरी हातोड्याचा आवाज येत राहिला. "बघू," तो म्हणाला. "घर भरू दे."

तिनं शब्द सांगितला. फोन ठेवला, आणि सहा गाद्यांच्या खोळी काढायला मागच्या खोलीत गेली.