कानावरचे केस

दादाच्या कॉलेजची फी नौदल भरतंय, याचा बाबांनी सलूनमध्ये नुसता डांगोरा पिटला होता. गालाला फेस फासलेलं गिऱ्हाईक बिचारं बोलणार काय? अट एकच होती: पुढे अधिकारी व्हायचं, मधेच सोडलं तर सगळी फी परत.

दर सुट्टीत बाबा स्वतः दादाचे केस नौदलाला चालतील असे बारीक कापायचे. काल तो खुर्चीत बसला आणि हळूच म्हणाला, "बाबा, या वेळी कानावरचे राहू द्या."

कात्री थांबली. बाबांनी आरशातूनच विचारलं, "सोडलंस?"

दादानं मान खाली घातली.

बाबांनी त्याच्या अंगावरचं कापड काढून झटकलं. "मग ऊठ खुर्चीवरून. तीही विकावी लागणार आहे."