वेगळा जिना

आमच्या घरी यायचं तर आधी दुकानात शिरावं लागतं. कारंजा घाडगेला हायवे सोडून आत वळलं की बाजाराच्या रस्त्यावर बाबांचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्याला लागून एक औषधांचं आणि एक मोबाइलचं दुकान, दोन्ही भाड्यानं दिलेली, आणि या सगळ्याच्या डोक्यावर आमचं राहतं घर. जिना दुकानाच्या आतून, पाइपांच्या बंडलांच्या मधून वर जातो आणि थेट दादाच्या बैठकीत निघतो. बैठक ओलांडायची, स्वयंपाकघराला वळसा घालायचा, की शेवटी माझी खोली. अमरावतीचं सासर कायमचं सोडून मी परत आले, तेव्हापासून तिथेच राहते. खोलीबद्दल तक्रार नाही. खिडकी आहे, पंखा आहे, सकाळचं ऊन येतं. फक्त त्या खोलीपर्यंत पोचायला मला रोज दुकानातल्या गिऱ्हाइकांपासून बैठकीतल्या पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना तोंड द्यावं लागतं.

मी इथल्याच एका शाळेत गणित शिकवते. संध्याकाळी दमून यावं तर गल्ल्यापाशी कोणीतरी काका बसलेले असतात. ते मान वळवतात, मी नमस्कार करते, माझी पाठ वळली की त्यांचा आवाज खाली जातो. वर वहिनी विचारते, आज उशीर झाला का. तिच्या मनात काही नसतं, हे मला ठाऊक आहे. पण उत्तर द्यावंच लागतं, आणि वयाच्या चाळिशीनंतर रोज कोणालातरी उशिराचं कारण सांगायचं म्हणजे अंगाचा नुसता तिळपापड होतो. एकदा शाळेतली एक मैत्रीण घरी आली होती. वहिनीनं तिला बैठकीत बसवलं, चहा दिला, आग्रह करून पोहे दिले. दादा येऊन बसला आणि तिचे मिस्टर कुठे नोकरीला, मूळ गाव कोणतं, असं सगळं अगत्यानं विचारत राहिला. आम्ही दोघी एकमेकींशी चार शब्दही बोललो नाही. ती परत कधी आली नाही, आणि मीही तिला बोलावलं नाही.

म्हणजे मला घर हवं होतं असंही नाही. मला एक जिना हवा होता.

हे मी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. बाबांना ते न सांगता कळलं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं, कारण बाबा तसे बायकांच्या मनातलं ओळखणाऱ्यांपैकी नव्हेत. एका रविवारी दुकान बंद असताना त्यांनी मला मागच्या मोकळ्या जागेत नेलं. तिथे सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि गंजलेल्या सळ्या पडलेल्या असतात. काठीनं जमिनीवर रेघा मारत ते म्हणाले, की इकडे इमारत वाढवू, समोरच्या आपल्या इमारतीला जोडून एकच करू. खाली दुकानं काढू, वर दोन घरं. मग त्या मातीत एका कडेला त्यांनी आडव्या रेघा मारल्या, पायऱ्यांसारख्या.

"अन् तुह्या घराले जिना बाहेरून देऊ. येणं-जाणं तुह्यं तू पाहजो. कोणाले विचारायचं काम नाई."

त्या दिवशी मी किती आनंदात होते ते सांगून कोणाला पटणार नाही. सासर सोडल्यापासून मी पहिल्यांदाच पुढचा विचार केला. वर्ध्याहून एक इंजिनिअर आला, त्यानं नकाशा काढला. मी त्याच्या डोक्यावर बसून जिन्याची रुंदी वाढवून घेतली, वरच्या दारापाशी छोटासा सज्जा मागितला, दोन खुर्च्या मावतील एवढा. तो हसून म्हणाला की मॅडम, लोक खोल्या मोठ्या करायला सांगतात, तुम्ही पहिल्याच आहात जिना मोठा करायला सांगणाऱ्या.

मग फायलीची यात्रा सुरू झाली. दादाला दुकान सोडून जाता येत नव्हतं आणि बाबांना ऐकू कमी येतं, तेव्हा खेटे घालणं माझ्याकडे आलं. मीही ते आनंदानं घेतलं. आधी नगरपंचायत. मग मोजणी, आणि मोजणीवाले येतो येतो म्हणत सगळा संत्र्याचा हंगाम संपेस्तोवर आले नाहीत. मग पुन्हा नगरपंचायत, की मोजणीच्या नकाशाचं माप इंजिनिअरच्या मापाशी जुळत नाही. तिथून आर्वीवरून एसटीनं वर्ध्याला, नगर रचनाच्या कार्यालयात. तिथे टेबलावरचे बाबू म्हणायचे, हे ऑनलाइन टाका. ऑनलाइन टाकलं की म्हणायचे, कागदावर पण आणून द्या. एकदा मी चिडून विचारलं, की मग ऑनलाइन कशाला? त्यावर ते गृहस्थ अगदी शांतपणे म्हणाले, ते वेगळं आणि हे वेगळं. मी वर्गात मुलांवर एवढ्यातेवढ्यावरून खेकसते, पण तिथे हात टेकले. तरी मी जात राहिले. परत येताना एसटीच्या खिडकीशी बसून मी मनात त्या घरात सामान लावत असे, आणि तळेगावच्या फाट्याची पाटी दिसली की ते अर्धवट सोडून देत असे.

अडचण होती ती बोळीची. आमची समोरची इमारत आणि मागची मोकळी जागा यांच्या मधून एक सिमेंटची बोळी जाते. बैलगाडी सहज निघेल एवढी रुंद आहे. जमीन आमचीच आहे, सातबाऱ्यावर तसं आहे. इंजिनिअरनं नकाशात ती खाजगी बोळी दाखवली, तिच्यावरून स्लॅब टाकून दोन्ही बाजू जोडल्या आणि बाबांना बजावून ठेवलं, की नगर रचनाचे साहेब जागा पाहायला आले तर एवढंच म्हणा, आमच्या जाण्यायेण्याची वाट आहे. ती खाजगी राहिली तरच दोन्ही जागा एक धरतात आणि तरच वरची घरं बसतात. तिला सरकारी रस्ता म्हटलं की खेळ खलास. हे त्यानं बाबांच्या कानाशी तोंड नेऊन दोनदा सांगितलं. बाबांनी मान हलवली.

साहेब आले ते दुपारचे. तरुण होता, बोलायला मऊ. त्यानं टेप लावून मापं घेतली, नकाशाशी ताडून पाहिलं, फोटो काढले. सगळं बरोबर चाललं होतं. बोळीपाशी उभं राहून त्यानं सहज विचारलं, की ही खाजगीच ना? इंजिनिअर म्हणाला हो. त्यानं कागदावर काहीतरी टिपायला पेन टेकवलंसुद्धा.

आता बाबांचं सांगायचं तर, गावात नगरपंचायत नव्हती, ग्रामपंचायत होती, तेव्हा ते एकदा मेंबर होते. एकदाच. त्या एका खेपेत त्यांनी जी काही विकासकामं केली, त्यातलं सगळ्यात लाडकं म्हणजे ही बोळी. बाजाराला येणारे आष्टीकडचे, खेड्यापाड्यांतले शेतकरी आपल्या दुकानावरून जावेत म्हणून त्यांनी स्वतःच्या जागेतून ग्रामपंचायतीच्या पैशानं सिमेंट रस्ता करून घेतला होता. आपली जमीन गेली नाही, खर्च आपला झाला नाही, आणि गिऱ्हाईक दारावरून जायला लागलं, हे त्यांनी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलं होतं, की घरात आम्ही ऐकेनासे झालो होतो. बोळीच्या तोंडाशी संगमरवरी कोनशिलाही होती, पण तिच्यावर इतकी वर्षं पत्रावळी, गुटख्याच्या पुड्या आणि चिखल साचून ती कोणाला दिसत नव्हती.

साहेबाच्या तोंडून खाजगी हा शब्द बाबांना नेमका ऐकू आला. एरवी शेजारी फटाका फुटला तरी त्यांना कळत नाही.

"खाजगी काऊन म्हणता, साहेब?" ते पुढे झाले. "मी मेंबर असताना बांधला हा रोड. हे पाहा."

आणि त्यांनी खाली बसून उपरण्यानं ती कोनशिला पुसली. थुंकी लावून पुसली. मग त्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवली, ग्रामपंचायतीचं नाव, योजनेचं नाव, आणि शेवटी स्वतःचं. साहेब वाकून वाचत होता. इंजिनिअर दुसरीकडे बघत होता. मी बाबांचा दंड धरून त्यांना उठवलं, तर त्यांनी माझा हात झटकला, कारण त्यांचं वाचून व्हायचं होतं.

साहेब गेल्यावर ते खुशीत होते. किती चांगला माणूस आहे, सगळं ऐकून घेतलं, असं ते दादाला सांगत होते. मी त्यांच्यावर इतकी चिडले होते, की वर जाऊन खोलीचं दार लावून घेतलं. रडले नाही, पण जेवलेही नाही.

पुढे काय झालं ते इंजिनिअरनं घरी येऊन समजावून सांगितलं. सरकारी पैशातून झालेला, लोकांच्या वापराचा रस्ता, तेव्हा तो आता सार्वजनिक. तो मधून गेला म्हणजे मागची जागा वेगळी. समोरच्या इमारतीला जोडता येणार नाही. रस्त्यापासून जागा सोडा, कडेनं जागा सोडा, गाड्या उभ्या करायला जागा सोडा, मग जे उरतं त्यात खाली दुकानांची एक ओळ बसते. वर घरं घ्यायची तर गाड्यांची जागा पुरत नाही आणि जिना कुठेच बसत नाही. घरं सोडलीत तर मंजुरी लवकर होईल.

मी एकटी वर्ध्याला गेले. त्या तरुण साहेबाला भेटले. त्यानं खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि नीट समजावलं. रस्त्याची ही सार्वजनिक नोंद रद्द करायची तर नोटीस निघते, हरकती येतात, सगळं मुंबईपर्यंत जातं आणि कधी परत येतं ते कोणी सांगू शकत नाही. "मॅडम, लोकांचा रस्ता झालाय तो," एवढंच तो शेवटी म्हणाला. शाळेला जायला मी स्वतःच रोज त्या बोळीतून जाते. दुसऱ्या कोणी ती बंद करायला घेतली असती तर पहिली हरकत मीच घेतली असती.

घरात बसून ठरलं तेव्हा फार वादावादी झाली नाही. झाली असती तर बरं वाटलं असतं. दादा म्हणाला की काहीच न होण्यापेक्षा दुकानं होताहेत, उद्या पोरांच्या कामी येतील. त्यात चूक काढायला जागा नव्हती. मी म्हणाले की नकाशा परत टाकून पाहू, दुसरा इंजिनिअर पाहू. माझा आवाज चढला असावा, कारण वहिनी बाहेर आली. ती माझ्याजवळ बसली आणि खरोखर काळजीनं तिनं विचारलं, "ताई, तुमाले इथं काही कमी हाये का?"

याला काय म्हणणार? जेवायला ताट असतं, आजारी पडले तर ती उशाशी बसते. काही कमी आहे म्हणणं म्हणजे तिच्या तोंडावर मारणं. मी नाही म्हणाले. ते नाही सगळ्यांनी ऐकलं आणि विषय तिथेच मिटला. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग इंजिनिअरनं पुढे केलेल्या सुधारित नकाशावर सही केली.

तोच नकाशा वर्ध्याला नेऊन देण्याचं काम माझ्याकडेच आलं, कारण तिथली टेबलं मला ठाऊक होती. ज्या फायलीला आधी कोणी हात लावत नव्हतं, ती या वेळी सरसर पुढे सरकली. मंजुरी आली तेव्हा दादानं पेढे आणले. औषधवाल्याला, मोबाइलवाल्याला, गल्ल्यापाशी बसलेल्या काकांना मीच नेऊन दिले. सगळे म्हणाले, वा, तुमच्याच धावपळीमुळे झालं हो हे.

त्या संध्याकाळी बाबा माझ्या खोलीत आले. ते सहसा येत नाहीत. पलंगाच्या कडेला बसून ते काठीच्या टोकाकडे पाहत राहिले. मी पेपर तपासत होते, ते तसेच तपासत राहिले. मला त्यांच्याशी बोलायचं नव्हतं, आणि ते उठून जाऊ नयेत असंही वाटत होतं.

"एक दुकान तुह्या नावानं करून देतो," ते म्हणाले. "कोपऱ्यावरचं. दादाशी बोललो मी, तो नाई म्हणत नाई. गणिताचे क्लास घेजो तिथं. तुह्यं तुले राहीन."

मी लाल पेन खाली ठेवलं. त्यांना ऐकू जावं म्हणून जवळ सरकून विचारलं, "अन् संध्याकाळी शटर पाडलं का मंग, बाबा? कुठं जाऊ?"

त्यांना प्रश्न कळला नाही असं मला आधी वाटलं. पण कळला होता. त्यांनी उत्तर शोधलं, अगदी मनापासून शोधलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"येजो न मंग घरी," ते म्हणाले.

आणि भिंतीचा आधार घेत उठून, दादाच्या बैठकीतून, खाली दुकानात गेले.