परकोटाखालची पाजण

पवनीच्या परकोटाकडे भय्याजीच्या बापाने कधी पाहायचं म्हणून पाहिलं नाही, आणि भय्याजीनेही नाही. कोष्ट्याला त्या भिंतीचा उपयोग एकच. पायथ्याशी लांबच लांब सरळ पट्टी, वारा अडलेला, अंगावर सकाळचं कोवळं ऊन. पाजण करायला देवानेच ती जागा ठेवली, असं जुन्या कोष्ट्यांचं मत.

पाजण म्हणजे मागावर चढवण्याआधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुताला तांदळाची पेज पाजणं. ताणा फुलीसारख्या रोवलेल्या बांबूच्या कैच्यांवर ओढायचा, पेज लावायची, आणि दोघांनी दोन बाजूंनी कुंचा धरून सूत सुकेपर्यंत चालत राहायचं. थांबलं की धाग्याला धागा चिकटतो, आणि चिकटला ताणा सुटत नाही. घरात मयत झाली तरी ओला ताणा सोडून कोष्टी उठत नसे. भय्याजीच्या लग्नात त्याचा बाप हळदीला उशिरा पोचला तो यापायीच, आणि त्याच्या हातांनी नवरदेवाला हळदीआधी पेज लागली.

गल्लीतले माग एकेक करून बसले. उरला भय्याजीचा. परकोट सुधारायचं निघालं तेव्हा सगळ्यात जास्त नाचला तोही हाच. सभेत साहेब दिवे, बगीचा, पर्यटक असं पुष्कळ बोलले. याच्या कानाने धरलं ते एवढंच, की जमीन सपाट होणार. पट्टीतल्या खड्ड्यांनी त्याच्या कैच्या वाकड्या होत. लोक कुरकुरले तर यानेच त्यांची समजूत घातली, आणि भिंतीला टेकलेलं स्वतःचं जळतणाचं छप्पर आपल्या हाताने मोडलं.

"आता लाकडं कुठी ठेवू, तुमच्या डोस्क्यावर?" त्याची बायको सुलोचनाबाई म्हणाली.

जमीन सपाट झालीच. वर चौकोनी फरशी बसली, फरशीत दिव्यांचे खांब, खांबांच्या मधात बाकडी, बाकड्यांपुढे फुलझाडांचे वाफे. काम देखणं होतं. ताणा ओढायला सरळ जागा मात्र राहिली ती एकच, फाटकापासून फोटो काढायच्या चौथऱ्यापर्यंतची वाट.

तिकडे सूत देणाऱ्या भंडाऱ्याच्या दुकानदाराने बजावलं होतं, हा ताणा विणून उतरवून दाखवा, नाही तर पुढचं सूत मागायला येऊ नका. म्हणून एका सकाळी भय्याजीने त्या वाटेवरच कैच्या मांडल्या. भावजय बेबीबाईने पेज धरली, सुलोचनाबाईने ताणा सांभाळला, आणि कुंच्याच्या दुसऱ्या टोकाला गुडघे धरत गल्लीतला बाबुलाल आला. त्याचा स्वतःचा माग कधीच बसला होता, पण हात विसरले नव्हते.

ताणा अर्धा सुकला असेल तोच प्रवीण आला. हा बाबुलालचाच पोरगा, ठेकेदाराने नुकताच चौकीदार म्हणून ठेवलेला, अंगात नवा निळा शर्ट. काम पाहायला मोठे साहेब येत होते, आणि वाट मोकळी करायचा त्याला हुकूम होता.

"काका, गाड्या निंगाल्या भंडाऱ्याहून. उचला आता."

"अर्धा ओला आहे रे," भय्याजी म्हणाला. " कोष्ट्याच्या पोराले हे सांगा लागते काय?"

प्रवीण भिंतीकडे पाहत बोलला. "मालूम आहे मले. म्हणूनच मी आलो. दुसरा कोनी असता तं कापून फेकला असता."

भय्याजी चालतच राहिला. पण कुंचा जड झाला. पलीकडे बाबुलाल उभा राहिला होता. पोराकडे त्याने पाहिलंही नाही.

"भय्याजी, याची नोकरी राहू दे," एवढं म्हणून त्याने आपलं टोक खाली ठेवलं.

कुंचा एकट्याने ओढता येत नाही. भय्याजीने दोन पावलं ओढून पाहिला, मग त्यानेही ठेवला. चौघांनी ओला ताणा गोळा करून मेल्या माणसासारखा उचलून घरी नेला. साहेब आले, फरशीवरच्या पेजेवर एकाचा पाय सरकला, प्रवीणने बादलीभर पाणी आणून जागा धुतली.

घरी सुलोचनाबाई धागे नखांनी सोडवत बसली. दुसऱ्या दिवशी ते वाळून कडक झाले आणि तिनेही नाद सोडला. दुकानदाराने पुढचं सूत दिलं नाही. त्या ताण्याची दोरी मात्र पक्की निघाली. सुलोचनाबाईने तिच्यावर परसात वालाचा वेल चढवला.

भय्याजी आता संध्याकाळी परकोटाखालच्या बाकड्यावर बसतो. बाबुलाल पुढच्या बाकड्यावर. नागपूरकडची माणसं येतात, भिंतीसमोर उभी राहतात आणि म्हणतात, "बाबाजी, जरा सरका ना, तुम्ही फोटोत येऊन राहिले."

तो सरकतो. बाकडं आरामाचं आहे, एवढं तो कोणी विचारलं तर सांगतो.