तिसरीची अंगतपंगत

शाळेत शिकवणाऱ्या माणसाकडे किस्से साठतात ते खडूच्या धुळीसारखे. कितीही झटका, संध्याकाळी घरी गेल्यावर पदरात सापडतातच. खरं तर माझ्याकडचे किस्से मुलांचे असायला हवे होते. पण नाही. ते जवळजवळ सगळे पालकांचे आहेत, आणि त्यातलेही बहुतेक खाण्याचे!

वडील फौजेत होते, म्हणून मी पाचवीपासून उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका निवासी शाळेत वाढले. तिथं लांबलचक बाकावर सगळे एका रांगेत बसायचो आणि एकाच पातेल्यातला राजमा-भात खायचो. कोण कुठल्या घरातलं, हे त्या भातात कधी कुणाला सापडलं नाही. नव्व्याण्णव साली मी कोल्हापूरला परत आले, मंगळवार पेठेतल्या एका शाळेत तिसरीच्या वर्गावर लागले, आणि लगेच आमच्या मुख्याध्यापिकांपुढे, म्हणजे मोठ्या बाईंपुढे, जाऊन उभी राहिले. म्हटलं, वर्गातली प्रत्येक पार्टी अंगतपंगत करायची. गोल बसायचं, डबे मध्ये ठेवायचे, सगळ्यांनी सगळ्यांचं खायचं.

मोठ्या बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "करा. पालक माझ्या ऑफिसात भांडायला आले, की बंद करा."

मला वाटलं होतं, भांडायला कशाला येतील? मुलं जेवणार तर आहेत!

*

पहिली आली मृण्मयीची आई. पार्टी सुरू व्हायच्या आधीच आली. मृण्मयीच्या हातात वेगळा डबा, वेगळा चमचा, वेगळी पाण्याची बाटली आणि खाली अंथरायला वेगळा नॅपकिन.

मी त्यांना समजावलं, की आज डबे मध्ये ठेवायचे आहेत. त्या म्हणाल्या, "ठेवा की. फक्त हिचा नको." मग पालकांनी वर्गात बसायचं नसतं, हेही मी सांगितलं. त्यांनी ते लगेच मान्य केलं, बाहेर गेल्या, व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या आणि खिडकीच्या गजातून आत बघत राहिल्या. मृण्मयीनं शेजारच्या डब्याकडे नुसती मान वळवली तरी खिडकीतून खाकरल्याचा आवाज यायचा.

वर्षभर कुठल्याही पार्टीला तो बाक रिकामा राहिला नाही. पुढं पुढं तर त्या सोबत विणकाम आणायला लागल्या.

*

अनिकेतचे वडील तालमीत कुस्ती शिकवायचे. सगळी पेठ त्यांना वस्ताद म्हणायची. पोराला पैलवान करायचं हे त्यांनी तो पाळण्यात असतानाच ठरवलेलं. त्यामुळे वर्गात कुणाचाही वाढदिवस असला, की अनिकेत तांब्याभर बदामाची थंडाई घेऊन यायचा. केक बंद, वेफर्स बंद, फरसाण बंद.

"बाई, केकनं अंग ढिलं पडतंय," वस्तादांनी मला गंभीरपणे सांगितलं.

अनिकेत हे सगळं इमानानं पाळायचा. शेजारच्या गणेशच्या तोंडाकडे बघत थंडाई प्यायचा आणि चौकशी करायचा. कसा लागतोय? गोड. नुसता गोड? न्हाय, मऊ बी हाय. कशासारखा मऊ? गणेश विचार करून म्हणायचा, "उशीसारखा."

शाळा सुटली, की वस्ताद गेटवर उभे. पोराचं दप्तर नंतर. आधी हुकूम, "आ कर." अनिकेत तोंड उघडायचा आणि वस्ताद वाकून वास घ्यायचे!

मी न राहवून एकदा म्हटलं, वस्ताद, पोरावर थोडा विश्वास ठेवा. तर म्हणाले, "पोरावर हाय की. केकवर न्हाय."

*

आता कुणाला वाटेल, पालकांना आपलं पोर कमीच खायला हवं असतं. तसंही नाही. गणेशच्या घरची तक्रार नेमकी उलट होती. सगळ्यांना चालावं म्हणून मी पार्टीला मसालेभात ठेवला. दुसऱ्या दिवशी गणेशचे वडील सायकल लावून वर्गाच्या दारात.

"बाई, काल पार्टी होती म्हणं."

"हो."

"आणि रस्सा न्हवता?"

मी म्हटलं, शाळा आहे, सगळ्यांना चालेल असं करावं लागतं. त्यांनी माझ्याकडे अतिशय दयेनं बघितलं. "मग पार्टी कशाला म्हणताय? श्रावण म्हणा की."

*

शेवटी मी पालकसभेत भाषण केलं. रात्रभर तयारी केली होती. एका पंगतीत बसून खाल्लेला घास माणसाला जन्मभर पुरतो, मुलांच्या ताटाभोवती भिंती बांधू नका, हा देश आपल्याला एकाच ताटात जेवत घडवायचा आहे, वगैरे. सभा अगदी शांत झाली. मला वाटलं, पोचलं.

मागून एका आजींनी हात वर केला. "बाई, तुमचं लगीन झालंय का वो?"

"नाही."

"मग बरोबर हाय," म्हणून त्या खाली बसल्या. सगळ्या सभेनं माना डोलावल्या.

*

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण वर्गात प्राजक्ता कांबळे होती. तिचे वडील पोस्टात, आईचं माहेर कोडोलीचं. तिथल्या शेतातल्या मिरच्यांची हिरवी चटणी ती अशी करायची, की प्राजक्तानं डब्याचं झाकण उघडलं की मागच्या बाकापर्यंत वास जायचा. प्रत्येक अंगतपंगतीला तिची आई चपात्यांची चळत आणि मोठं भांडं भरून चटणी पाठवायची. गोल बसलं, की प्राजक्ता ते भांडं मधोमध सरकवायची आणि कोण हात घालतंय याची वाट बघत बसायची.

मी खायचे. गणेश खायचा, त्याला तिखट म्हणजे जीव की प्राण. बाकी हात भांड्यापर्यंत येऊन मागं जायचे. ज्याला त्याला घरून सांगितलेलं. भांडं जवळजवळ तसंच परत जायचं.

मी व्हरांड्यात जाऊन मृण्मयीच्या आईला सरळच विचारलं, की प्राजक्ताच्या डब्यात असं काय आहे? त्यांना फार वाईट वाटलं. विणकाम बाजूला ठेवून म्हणाल्या, "छे हो, तसलं काही नाही आमच्यात. ह्यांच्या ऑफिसात सगळे असतात. फक्त, कुणाकुणाच्या घरचं असतं, काय सांगावं?"

त्यांना प्राजक्ताचं घर माहीत होतं. आडनाव माहीत होतं. नेमकं तेच माहीत होतं.

प्राजक्ताला मी म्हटलं, पुढच्या वेळी आईला सांग, थोडीच दे. ती म्हणाली, "आई न्हाय म्हणती. म्हणती, एक दिवस संपंल, आणि त्या दिवशी कमी पडाय नको."

*

मार्चमधल्या शेवटच्या पार्टीच्या आधी मोठ्या बाईंनी मला बोलावून बजावलं. एक जरी पालक ऑफिसात आला, तर पुढच्या वर्षीपासून अंगतपंगत कायमची बंद, मुलांना बिस्किटपुडा द्यायचा आणि घरी सोडायचं.

तेव्हा मला भेळ सुचली. डब्यात कुणाचं काय ते कळतं. भेळेत कळेल? एकानं चुरमुरे आणायचे, एकानं शेव, एकानं शेंगदाणे, आणि सगळं एका पातेल्यात. एकदा कालवलं, की निवडून दाखवा! प्राजक्ताच्या वाट्याला मी मुद्दाम चटणी दिली. तिच्याशिवाय भेळ होणारच नव्हती.

पार्टीच्या सकाळी मृण्मयीची आई मला जिन्यात गाठून म्हणाल्या, की कालवायच्या आधी मृण्मयीपुरतं तिचंतिचं बाजूला काढाल ना? मोठ्या बाईंचं ऑफिस तिथून दिसत होतं. मी म्हटलं, बरं, तेवढं एकीचं काढते. मग गेटवर वस्तादांनी तेच मागितलं. नळापाशी आणखी कुणी, वर्गाच्या दारात आणखी कुणी. प्रत्येकजण एकटा येऊन, हळू आवाजात, फक्त आपल्या पोरापुरतं मागत होता. आणि मी प्रत्येकाला बरं म्हटलं.

दुपारी माझा वर्ग गोल करून बसला. मृण्मयीपुढे ताटभर कोरडे चुरमुरे. अनिकेतपुढे शेंगदाणे. एकाकडे नुसती शेव. गणेशनं कांदा आणला होता. तो कच्चा कांदा खात होता आणि डोळे पुसत होता. प्राजक्ता चटणीचं भांडं मांडीवर घेऊन बसली होती. सगळे शहाण्यासारखे आपापल्या घरचं खात होते. उरलेलं सगळं पोत्यापिशव्यांत तसंच पडलेलं, आणि मध्ये शाळेचं मोठं पातेलं, रिकामं.

बाहेर व्हरांड्यात सकाळपासून पहाऱ्याला उभे राहिलेले पालक उन्हानं आणि भुकेनं कावले होते. वस्तादांनी दारातून डोकं आत घातलं.

"बाई, ह्या उरल्याल्याचं काय करनार? टाकनार व्हय?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी पातेलं बाहेर नेलं, पिशव्या ओतल्या, बाह्या मागं सारल्या आणि तालमीतली माती उकरावी तसं कालवायला घेतलं. मग परत आत आले आणि प्राजक्तापुढे उकिडवे बसले.

"पोरी, चटणी दे बघू. तिच्याबिगार जमंना."

प्राजक्तानं माझ्याकडे बघितलं. मग भांडं दोन्ही हातांनी उचलून दिलं.

रद्दीचे कागद फाटले, हात पुढे आले. मृण्मयीच्या आईनं आधी नको म्हटलं, मग चवीपुरतं घेतलं. मग पुन्हा घेतलं. गेटपाशी लांब उभ्या असलेल्या प्राजक्ताच्या आईला कुणीतरी हाका मारून विचारत होतं, "ओ ताई, काय घालताय वो चटनीत?" वस्तादांनी भांडं बोटानं निपटून काढलं आणि दारातून आत सरकवलं. प्राजक्तानं ते उलटं करून बघितलं, आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, संपलं की."

तोवर सगळी मुलं आपापली ताटं हातात घेऊन खिडकीशी गोळा झाली होती. गजाला नाक लावून मृण्मयी म्हणाली, "आई, मला पण दे ना थोडी."

तिच्या आईचे कान लाल झाले होते, नाकातून पाणी गळत होतं. तोंडातला घास संपवून, पदरानं नाक पुसत त्या म्हणाल्या, "नको गं राणी, कुणाकुणाच्या घरचं आहे ते."

आणि त्यांनी कागद परत वस्तादांपुढे धरला.