अर्जदार सूर्य, राहणार आकाश

माझा व्यवसाय अर्जनविसाचा. कचेरीच्या कुंपणाबाहेर पिंपळाच्या सावलीत एक टेबल, त्यावर टंकलेखन यंत्र आणि समोर पक्षकारांसाठी एक बाकडे, एवढाच माझा सरंजाम. शिक्षण आठवीपुढे गेले नाही. तथापि माझ्या हातून उतरलेला मजकूर मोठमोठ्या अधिकाऱ्यांनी वाचून त्यावर शेरे मारले आहेत, आणि त्यांपैकी एकानेही माझ्या वाक्यरचनेस हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही. ही बाब आत्मस्तुती म्हणून नव्हे, तर पुढील हकिकत नीट समजावी म्हणून नमूद करीत आहे.

माझ्या धंद्याचा पहिला नियम असा, की अर्जदाराने स्वतःविरुद्ध एक अक्षरही लिहू नये. ते काम समोरच्या पक्षाचे, म्हणजे जाबदाराचे. दुसरा नियम मी स्वतः घालून घेतलेला आहे. सकाळी अर्जदार माझ्याकडून अर्ज लिहवून नेतो आणि पुष्कळदा दुपारी त्याच प्रकरणातला जाबदार त्या अर्जावर आपले म्हणणे लिहवून घेण्यास त्याच बाकड्यावर येऊन बसतो. दोघांनाही मी सारख्याच निष्ठेने लिहून देतो. सकाळच्या कागदाची दुपारी मला ओळखही नसते.

आमची सूनबाई खडकीची. तिचे वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीस होते आणि तिचे बालपण तिथल्याच वसाहतीत गेले. लग्नानंतर ती कोथरुडात, आमच्या सोसायटीपासून चालत जाता येईल अशा एका शाळेत विज्ञानाची शिक्षिका म्हणून लागली. नेमणूक तात्पुरती होती. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मुख्याध्यापिका तिचा एक पाठ वर्गात बसून पाहणार होत्या, आणि जूनमध्ये तिला कायम करावयाचे की निरोप द्यावयाचा हे त्यावर ठरणार होते. आधीच्या पाठावर त्यांनी शेरा दिला होता, ‘तयारी उत्तम. वर्ग बोलत नाही.’

ते दिवस भारनियमनाचे होते. एका संध्याकाळी वीज गेलेली, आम्ही सर्वजण गॅलरीत बसलेलो आणि सूनबाई मांडीवर पाठ्यपुस्तक उघडे ठेवून नुसती बसलेली.

“अहो,” आमची मंडळी म्हणाली, “पंखा बंद आहे, निदान तुमचं तोंड तरी चालू ठेवा. पोरीला काहीतरी सुचवा. एरवी न विचारता सुचवता.”

“धडा कोणता?” मी विचारले.

“अपारंपरिक ऊर्जास्रोत, बाबा. सूर्य, वारा, पाणी, गोबर गॅस. त्यांचे फायदे-तोटे.” सूनबाई म्हणाली. “मी फळ्यावर दोन रकाने आखते. मुलं मुकाट्यानं उतरवून घेतात. प्रश्न विचारला की सगळा वर्ग बाकांकडे बघत बसतो. उत्तर येत असतं हो त्यांना. वहीत असतं.”

“मुले काय म्हणून बोलतील?” मी म्हणालो. “सूर्याचा फायदा सूर्याला. त्यात त्यांचा हितसंबंध कोठे आहे? माझ्या बाकड्यावर येणारा माणूस कितीही अबोल असो, त्याच्या बांधाचा विषय काढला की तो थांबता थांबत नाही. मुलांना एकेक अशील द्यावा. त्यांना अशिलाचे अर्ज लिहू द्यावेत.”

“सूर्याला अर्ज?” मंडळी म्हणाली. “सोसायटीत सोलर बसवायचा अर्ज यांनीच लिहिला होता हो सूनबाई. ‘बारमाही उष्णोदक’ असा शब्द घातला होता. आषाढ-श्रावणात मी बारमाही उष्णोदक गॅसवर ठेवते.”

मी या टीकेकडे लक्ष दिले नाही. सूनबाईने मात्र पुस्तक मिटले आणि माझ्याकडे वळून बसली.

“बाबा, तुम्ही याल का शाळेत? अर्ज कसा लिहायचा ते तुम्हीच सांगा.”

मुख्याध्यापिकांच्या परवानगीने मी एका शनिवारी सातवीच्या वर्गात गेलो. ठेवणीतला कोट घातला होता. आठवीत शाळा सोडल्यानंतर फळ्यासमोर उभे राहण्याचा प्रसंग प्रथमच आला, आणि तोही खडूच्या बाजूने. मी वर्गाचे चार गट पाडले, प्रत्येकास एक अशील दिला आणि फळ्यावर अर्जाचा साचा काढून दाखविला. पहिला नियमही मोठ्या अक्षरांत लिहिला.

मुलांनी लिहिलेले अर्ज अद्याप माझ्या स्मरणात आहेत. “अर्जदार सूर्य, राहणार आकाश, वय मोठे, धंदा उगवणे. अर्जदार रोज बिनपगारी कामावर येत असून आजपर्यंत त्याने एकही खाडा केलेला नाही.” वाऱ्याच्या गटाने लिहिले की अर्जदार सातारा बाजूच्या डोंगरांवर उंच पंखे फिरवून वीज देत असून त्यास कोळसा लागत नाही व त्याचा धूर निघत नाही. गोबर गॅसचा गट आधी हसून लोळला. नंतर त्याच्या म्होरक्याने गंभीरपणे वाचून दाखविले, “अर्जदार शेण यास समाजाने आजवर तुच्छतेने वागविले आहे. तथापि अर्जदार एकाच वेळी चुलीस गॅस आणि शेतास खत देत असतो.” हे वाक्य माझ्याकडून लिहिले गेले असते तर मला आनंदच झाला असता.

पाण्याच्या गटात मागच्या बाकावरची एक मुलगी होती. शहराच्या हद्दीत नुकत्याच आलेल्या एका गावातून ती बसने यायची. तिचा अर्ज सर्वांत नेटका होता. “अर्जदार पाणी वरून खाली पडते यात त्याचा नाइलाज आहे, परंतु पडता पडता ते जनित्र फिरविते.” शेवटी मात्र तिने एक ओळ अशी लिहिली होती, की आमच्या आजोबांचे गाव धरणात गेले. मी त्या ओळीवर पेन्सिलीने रेघ मारली.

“ती ओळ खोडू का गुरुजी? खरी हाय ती.”

“खरी असेल, बाळ. परंतु अर्जदाराच्या हिताची नाही. ती जाबदार लिहील.”

तिने मान डोलावली, पण खोडरबर काही हातात घेतले नाही.

पाठाच्या दिवशी सूनबाईच्या विनंतीवरून मी मागच्या भिंतीपाशी खुर्ची टाकून बसलो होतो. मुख्याध्यापिका शेजारी होत्या. ठेंगण्या, चष्म्याच्या, आणि शब्द अत्यंत जपून वापरणाऱ्या. सूनबाईने धडा सुरू केला आणि वर्ग बोलू लागला. हात वर होत होते, एकाचे वाक्य दुसरा पुरे करीत होता. मुख्याध्यापिकाबाईंनी वहीत काहीतरी टिपले. मी कोट सारखा केला.

मग त्यांनी स्वतः विचारले, “छान. आता सौर ऊर्जेचे तोटे कोण सांगेल?”

सूर्याच्या गटाचा पुढारी उभा राहिला. “बाई, आमच्या अर्जदाराला तोटे नाहीत.”

“असं का? मग रात्री अंधार पडतो तो कोणामुळे?”

“पृथ्वी फिरते म्हणून, बाई. त्यात आमच्या अर्जदाराचा काही दोष नाही. तो जागेवरच असतो.”

“आणि पावसाळ्यात?”

“ढग येतात. त्यांच्याविरुद्ध वेगळा अर्ज करावा लागेल.”

बाईंनी वाऱ्याकडे मोहरा वळविला. “पवनचक्की वारा पडल्यावर काय करते?”

“विश्रांती घेते, बाई.”

“शेणाला वास येत नाही?”

“वास घेणाऱ्यावर अवलंबून आहे, बाई.”

बाईंनी पेन बंद केले आणि हळूच माझ्याकडे पाहिले. “हे आपण शिकवलंत?” त्या पुटपुटल्या. “निवडणुकीला उभं करायचंय का यांना?”

फळ्यावर ‘फायदे’ या शब्दाखालचा रकाना खालपर्यंत भरला होता. ‘तोटे’ या शब्दाखाली काहीही नव्हते. धडा फायदे व तोटे या दोहोंचा होता, आणि अर्धा धडा शिकविणाऱ्या शिक्षिकेस कोणती शाळा कायम करणार? सूनबाईचा चेहरा पडला. तिच्या हातातला खडू मोडल्याचा आवाज मला मागच्या भिंतीपाशी ऐकू आला. अर्ज चोख झाले होते. माझ्या नियमात काही चूक नव्हती. परंतु त्या घटकेला माझ्या पोरीच्या नोकरीचा प्रश्न होता आणि मला उठून काहीही बोलता येत नव्हते.

तेवढ्यात सूनबाईने मोडक्या खडूचा तुकडा टेबलावर ठेवला.

“मुलांनो,” ती म्हणाली, “आमच्या बाबांच्या टेबलासमोर एकच बाकडं आहे. सकाळी त्याच्यावर अर्जदार बसतो आणि दुपारी त्याच्यावरच जाबदार बसतो. बाबा दोघांचंही लिहून देतात. तर आता दुपार झाली. जागा बदला. सूर्यवाले वाऱ्याच्या बाकांवर, वारेवाले सूर्याच्या. पाणी आणि शेण, तुम्हीपण. जिथं बसाल त्या अर्जाला उत्तर द्या.”

पुढे जे झाले त्यास गोंधळ म्हणावे लागेल. परंतु तो फार अभ्यासपूर्ण गोंधळ होता. वाऱ्याच्या पोरांनी सूर्याची पार दशा केली. हा संध्याकाळी घरी जातो, आणि दिवे लागतात नेमके संध्याकाळी. याची वीज साठवायची तर बॅटरी लागते, ती महाग, आणि निकामी झाल्यावर टाकायची कुठे? सूर्याच्या पुढाऱ्याने सूड म्हणून वाऱ्यास सांगितले की तू मन मानेल तेव्हा वाहतोस, तुझ्या पात्यांत पक्षी सापडतात आणि आवाजाने जवळच्या वस्तीला झोप लागत नाही. शेणाच्या अर्जावर पाण्याच्या गटाने एकच प्रश्न विचारला, “कोथरुडात गोठा कुठाय?” यावर बाई हसल्या. आवाज न करता, पण हसल्या.

तोट्यांचा रकाना भरत चालला. राहिले पाणी. पाण्याच्या बाकांवर बसलेल्या शेणाच्या पोरांना काही सुचेना. पाऊस कमी झाला तर वीज कमी, एवढे सांगून ती थांबली. तेव्हा ती मागच्या बाकावरची मुलगी, जिला आता दुसऱ्याच्या बाकावर दुसऱ्याच अर्जाला उत्तर द्यावयाचे होते, उभी राहिली.

“बाई, मी सांगू? पाण्याचं.”

“तू तर पाण्याच्या बाजूची ना?” मुख्याध्यापिकांनी विचारले.

“हाय ना. अर्ज मीच लिवलाय.” ती थोडी थांबली. “आमच्या आज्याचं गाव धरणाखाली हाय. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस दिसतो. आजी बघायला जाती, मग दोन दिवस जेवत नाही. पण त्याच पाण्यावर लाईट बनती, बाई. आमच्या नव्या घरी बी ती येती. मी त्याच लाईटीखाली अभ्यास करती. दोन्ही खरं हाय.”

आता कोणीही बाकांकडे बघत नव्हते. सगळी पोरे तिच्याकडे पाहत होती.

सूनबाईने फळ्याकडे वळून ‘फायदे’खाली ‘घरात दिवा’ आणि ‘तोटे’खाली ‘पाण्यात गाव’ असे लिहिले. तिचे अक्षर मुळात चांगले आहे. त्या दिवशी ते जरा जास्तच सावकाश उमटले.

माझ्या धंद्यात असा अर्ज कोणी केला तर तो दाखलही होणार नाही. अर्जदार आणि जाबदार एकाच माणसाच्या तोंडून बोलू लागले तर निकाल कोणाच्या बाजूने द्यावयाचा? तथापि ते ऐकताना मला वाटले, की त्या ओळीवर मी रेघ पेन्सिलीने मारली होती हे बरे झाले.

तास संपल्यावर मुख्याध्यापिका उठल्या. “वर्ग बोलतो,” त्या सूनबाईस म्हणाल्या. “शेजारचे दोन वर्गही ऐकत होते, त्यांचा तास वाया गेला.” मग माझ्याकडे वळून, “आपल्या सर्व अशिलांना कळवा, निकाल राखून ठेवला आहे.”

सबंध उन्हाळा घरात कोणी तो विषय काढला नाही. मंडळीने टोमणे मारणेही कमी केले, त्यावरून तिची काळजी मला कळली. सूनबाई दुपारी गॅलरीत बसून पुढील वर्षाचे धडे काढीत असे. “राहू दे की अजून,” असे एकदा मी म्हणालो, तर म्हणाली, “बाबा, ठेवलं नाही तर दुसऱ्या शाळेत उपयोगी पडतील.”

जूनच्या सुरुवातीस एका ढगाळ दुपारी मी एका गृहस्थाचे म्हणणे टंकलिखित करून मान वर केली, तर बाकड्यावर सूनबाई. साडीच्या पदराने कपाळ टिपत होती.

“बाबा, अर्ज लिहायचाय.”

“कोणाविरुद्ध?” माझ्या तोंडून सवयीने निघाले.

“कोणाविरुद्ध नाही. कायम केलं मला. नेमणूक मान्य आहे असं लिहून द्यायचंय.”

मी कागद यंत्रात चढविला. तो दोनदा तिरका चढला. यंत्र जुने आहे. मी मजकूर उतरविला, इतका शुद्ध की त्या शाळेच्या दप्तरात तसा दुसरा नसावा. तिने वाचला आणि म्हणाली, “यात तोटा पण लिहा ना. तोच वर्ग आठवीला माझ्याकडेच आहे. आणि आता तो गप्प बसत नाही.”

“अर्जदाराने स्वतःविरुद्ध लिहू नये.”

“मग जाबदाराचं म्हणणं म्हणून लिहा. वेगळ्या कागदावर. बाकडं तेच आहे.”

मी दुसरा कागद घेतला आणि तिने सांगितले ते सर्व लिहिले. मुले उलट बोलतात, प्रत्येक गोष्टीची दुसरी बाजू मागतात, परवा एकाने गृहपाठाविरुद्ध अर्ज दिला. सांगताना ती हसत होती. शेजारचे अर्जनवीस माना वळवून पाहत होते, त्यांना मी चहा सांगितला.

पहिला कागद शाळेत गेला. दुसरा आमच्या स्वयंपाकघरात गॅसच्या वरच्या भिंतीवर चिकटविलेला आहे. त्याच्या तळाशी आषाढात केव्हातरी मंडळीने पेन्सिलीने भर घातली आहे. “अर्जदार सूर्य आजही कामावर हजर नाही. अंघोळीचे पाणी गॅसवर ठेवले आहे. सूनबाईने आधी घ्यावे, तिला शाळा आहे.”